गोव्यातले भुसारी दुकान आणि ऑनलाइन खरेदी: दुकानदार वारंवार विचारतात ते प्रश्न

डिचोली तालुक्यात आमचे भुसारी दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, गेली सव्वीस वर्षे मी बसतो. पेडणे, वाळपई, फोंडा इथले ओळखीचे दुकानदार अधूनमधून फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. कायद्याचे आणि कराचे जे आहे ते आपल्या कर सल्लागाराला दाखवून घ्या, कारण ते नियम बदलत राहतात. बाकीचे सगळे गल्ल्यावर बसून शिकलेले आहे.

ऑनलाइनवर वस्तू आपल्या खरेदीच्या भावापेक्षाही स्वस्त मिळते. हे शक्यच कसे होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि जो पहिल्यांदा पडताळून बघतो त्याची झोप उडते. माझी उडाली होती. एका रात्री शटर ओढल्यावर मी वितरकाचे बिल आणि फोन समोर घेऊन बसलो. कपडे धुण्याच्या पावडरीचे मोठे पाकीट, एमआरपी २१० रुपये. मला ते जीएसटीसकट १८९ ला पडले होते. फोनवर तेच पाकीट, तेच वजन, १७९ ला. नफा सगळा सोडला असता तरी मी दहा रुपयांनी महागच. त्या रात्री वीसेक वस्तू तपासल्या. सहा-सात वस्तूंचा असाच प्रकार निघाला, बऱ्याच वस्तूंत फरक किरकोळ होता, आणि तूरडाळ, गूळ, खोबरेल यांत मीच स्वस्त होतो. हे शेवटचे बघून जरा जिवात जीव आला.

यामागे कारणे आहेत. कंपनीचा माल आपल्या फळीवर येईपर्यंत मधे स्टॉकिस्ट आणि वितरक यांचे हात लागतात आणि प्रत्येकाचे मार्जिन त्यात चढते. ऑनलाइनवरचे मोठे विक्रेते ट्रकच्या ट्रक उचलतात, त्यांचा दर वेगळा. शिवाय पडद्यावर आपली वस्तू वर दिसावी म्हणून कंपन्या त्या ॲपला जाहिरातीचे पैसे मोजतात, आणि सवलत द्यायला तेही पैसे कामी येतात. गुंतवणूकदारांच्या जिवावर वर्षानुवर्षे तोटा काढायची त्यांची तयारी असते, आपल्याला एक महिना निघत नाही. आणि एका वस्तूवर सोडलेले पैसे दुसऱ्या वस्तूवर, डिलिव्हरीवर, हाताळणी शुल्कावर वसूल होतात. ग्राहकाने भाव पावडरीचा पाहिलेला असतो, पूर्ण बिलाचा नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: आपण विक्रीत हरत नाही, खरेदीत हरतो. ग्राहक दारात येण्याआधीच, सेल्समनने ऑर्डरचे पुस्तक उघडले तेव्हाच ते ठरलेले असते. खाली जे सांगितले आहे त्यातले बरेचसे याच गोष्टीला धरून आहे.

असे भाव पाडायला कायद्याने परवानगी आहे का?

परकीय गुंतवणूक असलेल्या कंपनीला भारतात दुसऱ्या विक्रेत्यांसाठी ऑनलाइन बाजार मांडता येतो, स्वतःचा माल साठवून थेट ग्राहकाला सहसा विकता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने हा नियम आणखी घट्ट केला आणि तो १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. एखाद्या विक्रेत्याने आपल्या खरेदीपैकी २५ टक्क्यांहून जास्त माल त्या बाजाराच्या कंपनीकडून किंवा तिच्या गटाकडून घेतला, तर तो साठा त्या कंपनीच्याच ताब्यातला धरला जातो. बाजार चालवणाऱ्याने किमतीवर प्रभाव टाकू नये, असेही त्यात आहे.

मोजक्या लाडक्या विक्रेत्यांना पुढे करून हा नियम वाकवला जातो, अशी व्यापारी संघटनांची तक्रार आहे. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि प्रकरण लांबत गेले. संघटनांनी हा लढा जरूर द्यावा, मी स्वतः सह्यांच्या निवेदनात असतो. पण उद्याच्या खरेदीचा हिशेब निकालावर टांगून ठेवू नका.

मग भाव कमी करून बघायचेच नाहीत का?

शंभर रुपयांच्या विक्रीत दहा रुपये सुटत असतील आणि तुम्ही पाच रुपये सवलत दिलीत, तर उरले पाच. तेवढीच कमाई टिकवायला दुप्पट माल खपवावा लागेल. वाड्यावर घरे तर तेवढीच आहेत.

एक मात्र करा. साखर, तूरडाळ, तेल, चहा पावडर, नारळ, कांदा, बटाटा यांचे भाव ग्राहकाला तोंडपाठ असतात. या सात-आठ वस्तूंत कुणापेक्षा महाग राहू नका. दुकान महाग की स्वस्त हे लोक यावरूनच ठरवतात.

खरेदीत नेमके काय बदलावे?

पहिल्यांदा माळ्यावर चढा. मी चढलो होतो तेव्हा बिनसाखरेच्या बिस्किटांचे पुडे, एका नव्या शांपूच्या लड्या, कुठल्याशा सणाला घेतलेल्या भेटवस्तूंचे खोके, असा माल निघाला. हिशेब केला तर अकरा हजार चारशे रुपये. हे सगळे ‘बारा बॉक्सवर एक फुकट’ या स्कीममध्ये घेतलेले. एक फुकट मिळाला आणि बारांतले सात पडून राहिले. तेव्हापासून नियम केला आहे की नव्या वस्तूचा एकच बॉक्स घ्यायचा, स्कीम कितीही गोड असो. तो महिन्यात संपला तरच दुसरा.

गोव्यात याला पावसाचे कारण जास्त आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की बिस्किटे, पापड, मीठ, हिंग, कागदी पुड्यातले पीठ, सगळे मऊ पडते किंवा गोळे धरते. एक्सपायरी बाकी असली तरी ग्राहक ते घेत नाही, आणि वितरक परत घेत नाही कारण तारीख उलटलेली नाही. मे महिन्याच्या शेवटी असा माल निम्म्यावर आणा. एक्सपायरीचा माल परत घेण्याबद्दल वितरकाकडून बिलावर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या. तोंडी शब्दावर माझे बरेच पैसे गेले. सेल्समन बदलला की नवीन माणूस म्हणतो, मला काही माहीत नाही.

दुसरी गोष्ट एकत्र खरेदीची. आम्ही चार दुकानदार तांदूळ, साखर, कडधान्य आणि तेलाचे डबे एकत्र मागवतो. बेळगावहून टेम्पो येतो, भाडे चौघांत वाटले जाते. पोत्यामागे जे सुटते ते फार मोठे नाही, पण वर्षाअखेर बघितले तर दुकानाचे विजेचे बिल त्यातून निघालेले असते. यात दोन पथ्ये पाळा. बिल प्रत्येकाच्या नावाने वेगळे घ्या. एकाच्या नावाने घेऊन मग वाटलेत तर ती कायद्याने पुन्हा एक विक्री होते आणि जीएसटीचा घोळ होतो. आणि पैसे टेम्पो यायच्या आधी जमा करा. आमचा पहिला प्रयत्न तिसऱ्याच महिन्यात मोडला तो याच कारणाने, भाव वाईट होता म्हणून नव्हे.

एकत्र येऊन खरेदी-विक्री करणे गोव्याला नवीन नाही. फोंड्याच्या गोवा बागायतदार सहकारी संस्थेने सुपारी, नारळ, काजू पिकवणाऱ्यांना एकत्र आणले आणि त्यांच्याच जोरावर ठिकठिकाणी किराणा बाजार उभे केले. आज त्यांच्या दुकानात महिन्याचे सामान भरायला गावागावांतून लोक जातात. बागायतदारांनी केले ते भुसारी दुकानदारांना का जमू नये, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कोणता माल सरळ सोडून द्यावा?

मोबाइलची कव्हरे, चार्जर, इअरफोन, शाळेची दप्तरे, ब्रँडेड मिक्सर, लहान मुलांची महागडी खेळणी. यात निवड अफाट लागते आणि ती आपल्या दहा फुटी फळीवर मावत नाही. मात्र ऐन वेळी लागणारी एक-एक वस्तू ठेवा: एक चार्जर, एक बल्ब, गॅसची नळी, छत्री.

आणि कोणता माल आपला?

जो हातात घेऊन, वास घेऊन, वाजवून घ्यावा लागतो तो.

मिरचीचेच घ्या. गोव्याच्या घरात हुमणाला कोणती मिरची आणि आंबटतिखटाला कोणती, हे ठरलेले असते. काणकोणातली खोल्यची मिरची आणि पेडण्यातली हरमलची मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे ती त्याच भागाची खास वस्तू असल्याची सरकारी ओळख, मिळाले आहे. माझ्याकडे एप्रिल-मे मध्ये बायका येतात तेव्हा आधी मूठभर मिरच्या उचलून कानाशी हलवतात. बिया वाजल्या तर मिरची नीट वाळलेली. मग एक मोडून वास घेतात. देठ हिरवट असेल तर पोते बाजूला. ही परीक्षा पडद्यावर देता येत नाही, आणि ती घेऊ देणारा दुकानदार त्यांना हवा असतो. मी मिरचीचे पोते पुढे, दारातच ठेवतो.

तसेच सोल्यांचे. नवीन आमसोले हाताला जरा ओलसर, चिकट लागतात आणि रंग गडद जांभळा असतो. जुनी काळी आणि कडक होतात. मी मागच्या वर्षीची वेगळ्या डब्यात ठेवतो आणि तसे सांगून कमी भावात देतो. उकडा तांदूळ, गावठी नारळ, सुके बांगडे, गावठी कुळीथ, घरगुती पापड, जत्रेच्या दिवसांत खाजे, सकाळी पोदेराकडून घेतलेले पाव आणि उंडे, यातल्या प्रत्येक वस्तूत ओळखीने निवडायचा भाग आहे. आणि खरेदी जवळच्या माणसाकडून होते, मधे वितरक नाही. वरच्या उत्तरात म्हटलेले इथे जमते: खरेदी आपल्या हातात असते.

काजूबद्दल मला जरा कडक बोलायचे आहे. गोव्यात काजूच्या नावाने आफ्रिकेतून आलेल्या बियांचा गरही भरपूर विकला जातो. तो विकणे गुन्हा नाही, पण ‘गोव्याचा काजू’ अशी पाटी त्यावर लावणे ही फसवणूक आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्याच्याकडे खरा गावठी काजू आहे त्याने तो कुठल्या गावातून आला हे सांगून विकावा, आणि ज्याच्याकडे बाहेरचा आहे त्याने तसेच सांगावे. लोकांचा एकदा विश्वास उडाला की गावठी काजूचे जास्तीचे पैसे मोजायला कुणी तयार होणार नाही, आणि त्यात मरेल तो सत्तरीतला, डिचोलीतला बागायतदार.

घरच्या वस्तू पाकिटात भरून विकायच्या तर काय लागते?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. छोट्या व्यवसायासाठी ती स्वस्त आणि सोपी आहे. पाकिटावर वस्तूचे नाव, भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि नोंदणी क्रमांक हवा. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची सरकारी पडताळणी दरवर्षी करून घ्या. सुटी मिरची पोत्यातून तोलून देताना हे लेबल लागत नाही, पाकिटात आधी भरून ठेवली की लागते. ज्या बचत गटांच्या बायका तुम्हाला पापड-लोणची देतात त्यांनाही हे समजावून सांगा. दंड झाला तर तो त्यांनाही बसतो.

पुरुमेंत आणि चवथ, या दोन हंगामांत ऑनलाइनशी टक्कर कशी द्यायची?

टक्कर द्यायची गरजच नाही, तयारी लागते. पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत पूर्वीइतके भरत नाहीत, पण मे महिन्यात मिरची, सोले, चिंच, कडधान्य आणि सुके नुस्ते (मासळी) घेणारी घरे अजून खूप आहेत. त्यांची मागच्या वर्षीची यादी माझ्याकडे वहीत असते. एप्रिलच्या शेवटी मी फोन करतो: “काकी, गेल्या वर्षी दोन किलो मिरची आणि किलोभर सोले घेतले होते, यंदा तेवढेच ठेवू का?” या एका फोनमुळे खरेदी किती करायची याचा अंदाज आधीच येतो.

चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान म्हणजे आपले हक्काचे क्षेत्र. सुपारीची शिपटी, तोरिंगे, कांगले, घागऱ्या, चिबूड, आंब्याचे टाळे. हे रानातून आणि कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून) येते, आदल्या दोन-तीन दिवसांतच येते, आणि लवकर सुकते. मी स्वतः सगळे ठेवत नाही. सत्तरीतून डोंगरातला माल घेऊन बायका येतात, त्यांना दुकानासमोरची जागा देतो, भाडे घेत नाही. माटोळीसाठी आलेला माणूस कापूर, अगरबत्ती, गूळ, नारळ, रवा माझ्याकडून घेतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार इतकी वर्षे टिकून आहे तो याचमुळे. एकाचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या कामी येते.

उधारी बंद करावी का?

याचे उत्तर देताना मला २०१८ आठवते. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. त्याआधी २०१२ मध्येही एकदा थांबल्याच होत्या. आमच्या भागात ट्रकवाले, मशीनवर काम करणारे, गॅरेजवाले, खाणावळवाले सगळे खाणीवर अवलंबून. एप्रिलपासून पगार नाही, ट्रकचे हप्ते मात्र चालू. एक ट्रकमालक, ज्याच्या घरी महिन्याला पोतेभर तांदूळ जायचा, तो रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी यायचा म्हणजे कुणी बघू नये. काउंटरवर हात ठेवून म्हणाला, “भाऊ, हा महिना सांभाळून घे.” तो महिना चौदा महिने चालला.

त्याने सगळे पैसे फेडले. सगळ्यांनी फेडले नाहीत. माझी दोन लाखांच्या वर उधारी बुडाली आणि त्या वर्षी मला वितरकांची बिले द्यायला सोने गहाण ठेवावे लागले. तरी सांगतो, मी उधारी बंद केली नाही आणि करणार नाही. ज्या घराला आपण त्या दिवसांत तांदूळ दिला, त्या घरातली सून आज ॲपवर भाव बघते, पण महिन्याची यादी अजून माझ्याकडेच पाठवते.

पण उधारीला शिस्त लावली. प्रत्येक घराची मर्यादा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. प्रत्येक नोंदीनंतर पानाचा फोटो त्या घरच्या माणसाच्या फोनवर जातो, त्यामुळे ‘हे मी नेलेच नव्हते’ हा वाद संपला. महिन्याच्या सात तारखेला हिशेब. सिगारेट, थंड पेये आणि मोबाइल रिचार्ज उधारीवर नाही. ज्यांना खरोखर अडचण आहे त्यांच्यासाठी वेगळे पान आहे, त्याला तारीख नाही. हे पान मी घरातल्यांनाही दाखवत नाही.

उधारीचा खरेदीशीही संबंध आहे. पैसे बाहेर अडकले की आपण रोखीने माल घेऊ शकत नाही, आणि रोखीचा भाव निराळा असतो. माझ्या हिशेबाने महिन्याच्या खरेदीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त उधारी बाहेर नसावी.

दहा-पंधरा मिनिटांत घरपोच देणारे ॲप आपल्या गावातही येईल का?

पणजी, पर्वरी, मडगावसारख्या ठिकाणी ही सेवा चालते, कारण छोट्या अंतरात खूप घरे आणि फ्लॅट आहेत. त्यांचे छोटे गोदाम दोन-तीन किलोमीटरच्या परिघात भरपूर ऑर्डर मिळाल्या तरच परवडते. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, आणि डिचोली, सत्तरी, पेडण्यात वाडे डोंगरउतारावर विखुरलेले. त्यामुळे सगळीकडे उद्याच येईल असे मला वाटत नाही. पण ज्या गावात नवी गृहसंकुले उठत आहेत, मोपा विमानतळाच्या आसपास जशी उठत आहेत, तिथल्या दुकानदाराने ते येणार हे धरूनच चालावे. त्यांच्याआधी तुम्ही त्या इमारतींत पोचा.

घरपोच सेवा एकट्या माणसाला कशी जमणार?

मी वेळ ठरवली. सकाळी अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर यादी आली तर संध्याकाळी पाच ते सहा या वेळात सामान घरी. दिवसातून एकच फेरी, दोन वाडे, एक स्कूटर. पाचशे रुपयांवर वेगळे पैसे नाहीत. टाइप करून कुणी पाठवत नाही, कागदावरच्या यादीचा फोटो येतो किंवा बोललेला मेसेज येतो. मागितलेली वस्तू नसेल तर मनाने दुसरी टाकू नका, आधी फोन करा. पहिल्या महिन्यात मी हे चुकलो आणि एका घराने मागवणेच बंद केले.

पत्त्यावर मात्र आपण कुणालाही हरवतो. ‘सातेरीच्या देवळामागे, विहीर ओलांडून, निळे गेट’ हे आपल्याला सांगावे लागत नाही.

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पद्धत सोडावी का?

माझ्या मते नाही. सकाळी साडेसहाला उघडून रात्री नऊला बंद करणाऱ्याला ते तीन तास हवेत. फोन चालू ठेवा, ऑर्डर घ्या.

ऑनलाइनची पार्सले लोक आपल्या दुकानात ठेवायला सांगतात. ठेवावीत का?

रोज दुपारी साडेबाराला एक मुलगा पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन येतो आणि म्हणतो, “काका, तीन ठेवतो हां, घरात कुणी नाही.” सुरुवातीला मला हे जिव्हारी लागायचे. आपल्याच फळीवर आपल्याच गिऱ्हाइकाने दुसरीकडून घेतलेला माल! एकदा तर नाही म्हणून परत पाठवले. त्या मुलाचा उतरलेला चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे. त्याची त्यात काय चूक होती?

आता ठेवतो. पार्सल घ्यायला आलेला माणूस दूध, पाव, कांदा घेऊन जातो. पण नोंद ठेवा: कुणाचे, किती वाजता आले, कुणी नेले. पैसे देऊन घ्यायची पार्सले घेऊ नका आणि ओटीपी तुमच्या फोनवर मागवू नका. दुकानदारांना पार्सलमागे पैसे देणाऱ्या योजनाही काही कंपन्यांच्या आहेत, जागा असेल तर चौकशी करायला हरकत नाही.

यूपीआयवर दुकानदाराचे पैसे कापले जातात का?

बँक खात्यातून आलेल्या साध्या यूपीआय पैशांवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. आवाज देणाऱ्या डब्याचे मासिक भाडे मात्र कापले जाते, ते खात्यात बघत जा. ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, डबा बोलला किंवा खात्यात दिसले तरच पैसे आले. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे दुकानात बसणाऱ्या आईवडिलांना पुन्हा पुन्हा सांगा.

जीएसटी नोंदणी नसताना ऑनलाइन विकता येते का?

वस्तू विकणाऱ्याला गोव्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. आधी ऑनलाइन बाजारात विकायचे तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अट छोट्यांसाठी सैल झाली. पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि आपल्या राज्यातच विकायचे. दीड कोटीपर्यंतच्या कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, दुकानदारांनाही राज्याच्या आत अशी विक्री करता येते.

आपल्याकडे गंमत अशी की पेडण्याहून बांदा आणि डिचोलीहून दोडामार्ग हाकेच्या अंतरावर, पण ते महाराष्ट्रात. तिकडची ऑनलाइन ऑर्डर या सवलतीत बसत नाही.

ओएनडीसीवर जावे का?

ओएनडीसी म्हणजे ‘ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स’. केंद्र सरकारच्या पुढाकाराने ही कंपनी २०२१ च्या शेवटी स्थापन झाली. यात एकच ॲप नाही. दुकानदार एका ॲपवर नोंदला, तर ग्राहक दुसऱ्या ॲपवरून त्याच्याकडून घेऊ शकतो. कल्पना मला मनापासून आवडते. पण फायदा व्हायला मालाची यादी, फोटो आणि साठ्याचा आकडा रोज ताजा ठेवावा लागतो. त्यामुळे सगळे दुकान चढवू नका. उकडा तांदूळ, सोले, मिरची, गावठी काजू अशा पंधरा वस्तूंपासून सुरू करा. पावडर आणि साबण चढवलात तर पुन्हा त्याच भावाच्या शर्यतीत जाल.

थंडगार बाटलीवर दोन रुपये जास्त घेतले तर काय बिघडते?

एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, फ्रिजचे वीजबिल कितीही येवो. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देणे, तारीख उलटलेला पुडा मागे सारून ठेवणे, परत आणलेल्या वस्तूवर तोंड वाकडे करणे, या सवयी आपल्यातल्या अनेकांत आहेत आणि लोक ऑनलाइनकडे वळले त्यात भावाइतकाच यांचाही हात आहे. ॲप वस्तू मुकाट्याने परत घेते, हे आपण शिकायला हवे. माझ्याकडे सील न फोडलेला पुडा सात दिवसांत परत घेतला जातो, कारण विचारले जात नाही.

भांडवलासाठी कर्ज कुठून घ्यावे?

२०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) करता येते, ती फुकट आहे, आणि बँकेत उपयोगी पडते. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. कर्ज फ्रिजसाठी, वजनकाट्यासाठी किंवा रोखीच्या खरेदीसाठी घ्या. जुनी वितरकाची देणी भागवायला घेऊ नका.

मुलांनी हे दुकान पुढे चालवावे का?

जबरदस्ती करू नका आणि घाबरवूही नका. माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या मे महिन्यात तिने सुट्टीत बसून दुकानातल्या सगळ्या वस्तूंची एक तक्ता-यादी केली: खरेदीचा भाव, विक्रीचा भाव, महिन्याला किती नग जातात, तारीख कधी संपते. चारशे बारा वस्तू निघाल्या. त्यातल्या एकशे तीस वस्तूंनी तीन महिन्यांत एकही रुपया दिलेला नव्हता. सव्वीस वर्षे बसून मला हे दिसले नव्हते. त्या एकशे तीसांपैकी नव्वद आम्ही बंद केल्या, आणि रिकाम्या झालेल्या दोन फळ्यांवर आता पाळीतल्या मावशींचे पापड आणि सत्तरीतला कुळीथ आहे. शिक्षण संपल्यावर ती दुकानात बसेल की नोकरी करेल, हे तिने अजून सांगितलेले नाही. मी विचारलेलेही नाही. शनिवारी संध्याकाळी ती येते, फळ्या मोजते आणि सोमवारच्या खरेदीची यादी तीच करते.